चोविसावा ठोका

९ मार्च

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, एक गुडघा सोडून. तुझी पाठ कशी आहे, दाजींचा खोकला गेला का, हे विचारतो आहे खरं, पण उत्तर येणार नाही हे अकरा वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे. तरी विचारतो. न लिहिण्याची सवय तुला लागली तशी विचारण्याची मला.

आधी एक हिशेब ऐक. स्प्रिंग वॉशर म्हणजे नटाखाली बसणारी पोलादी चकती. नट आपोआप सैल होऊ नये एवढंच तिचं काम. एकच हवी असली तर दुकानदार पैसेसुद्धा घेत नाही, "राहू द्या हो" म्हणून हातावर ठेवतो. अशी एक चकती अकरा वर्षांपूर्वी तडकली. तिची खरी किंमत अशी पडली: एका बाईचा डावा खांदा, एका कसबी माणसाचा धंदा, त्याचं नाव आणि एका बहिणीचं माहेर.

हे तुला बोचावं म्हणून जुळवलेलं नाही. गेल्या शनिवारी तंत्रशाळेत माझं भाषण झालं, त्याची ही सुरुवात होती. झालं असं की माझ्या ऑफिसात दारासमोर एक पाटी आहे, 'बारीकसारीक गोष्टीला लहान समजू नका' अशी. ती ओळ सगळ्यांना पाठ असते, प्रत्येक वर्कशॉपात टांगलेली असते आणि कोणी वाचत नाही. तंत्रशाळेचे मुख्याध्यापक काही कामाने आले होते, त्यांनी वाचली. म्हणाले, "हिचा अर्थ आमच्या मुलांना सांगायला या. पुस्तकातला नको, तुमच्या धंद्यातला सांगा."

आता बोलायला मी कधी लाजलोय? दीडशे पोरंपोरी, समोर पाण्याचा ग्लास, आणि मागे फळ्यावर माझं नाव. मी सोबत ती हातोडी नेली होती. तू माझं ऑफिस पाहिलेलं नाहीस म्हणून सांगतो, माझ्या खुर्चीमागे काचेच्या पेटीत ती ठेवलेली असते. छोटी, पितळी डोक्याची. पोरांना दाखवून म्हणालो, "ही माझ्या पहिल्या कमाईतली. या धंद्यात मी हिच्यासकट आणि या दोन कानांसकट उतरलो. दुसऱ्या कुणाचा एक खिळा माझ्याकडे नाही." हॉल शांत. अशी शांतता आवडते मला.

मग त्यांना आमची पद्धत सांगितली. करमणूक बागेतला आकाशपाळणा, बारा डबे, प्रत्येक डबा दोन बोल्टांवर लोंबकळलेला, म्हणजे चोवीस बोल्ट. सकाळी बाग उघडण्याआधी एक माणूस नट आवळतो. दुसरा डब्याच्या पलीकडून, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचा एक हलका ठोका मारतो आणि ऐकतो. बोल्ट घट्ट असेल, वॉशर शाबूत असेल, तर टण्ण वाजतो. खाली काही तडकलं असेल तर पाना घट्टच सांगतो, हाताला कळत नाही, पण आवाज बद्द येतो. ऐकणारा म्हणतो "बोलला", मग आवळणारा नटावर खडूची खूण करतो. चोवीस वेळा.

आणि मग सांगितलं की एका सकाळी एका आवळणाऱ्याने हयगय केली. दुपारी बारा नंबरचा डबा एका बाजूला कलंडला. नशीब की डबा तेव्हा जमिनीपासून पुरुषभर उंचीवर होता. आत लाँड्रीत काम करणारी एक बाई होती, तिचा खांदा निखळला. चौकशी झाली. मी तिथे जे सांगितलं तेच पोरांना सांगितलं: चोवीसच्या चोवीस बोलले, माझ्या कानांनी ऐकले. त्यानंतर कोणी नट उघडला असेल तर तो उघडणाऱ्यालाच माहीत.

दाजींचं नाव घेतलं नाही ताई, तेवढी लाज आहे मला.

टाळ्या संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, असं मुख्याध्यापक म्हणाले. तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. केस आखूड, हाताला ग्रीसचे डाग. मला वाटलं, ही आपल्या ताईसारखीच उभी राहते की. आणि मग कळलं का ते. तुझी मुंगी. लहानपणी दाजींच्या डब्यातले स्क्रू एकेक करून तोंडात धरून न्यायची म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. अकरा वर्षांनी पाहिली. ती तिथे शिकते हे मला कोणी सांगितलं असतं तर, असो.

तिने 'मामा' म्हटलं नाही. म्हणाली, "आवळणाऱ्याने काय केलं ते कळलं. ठोका मारणारा त्या वेळी काय ऐकत होता?"

मी म्हणालो, "बाळ, ठोका मारणारा ठोका ऐकत होता. नाहीतर काय, गाणी?" हॉल हसला. ती हसली नाही. बसली.

नंतर चौकशी केली तेव्हा समजलं की शेवटच्या वर्षाला ती पहिली आली आहे आणि तरी आमच्या धंद्यात कुणी तिला घेत नाही. "ढिल्याची मुलगी ना?" म्हणतात आणि अर्ज बाजूला ठेवतात. दाजींना हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण ते या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसलंय. मी दुसऱ्याच दिवशी तिला माझ्या कंपनीचं नेमणूकपत्र पाठवलं. तपासनीस म्हणून, शिकाऊ नव्हे. तिने ते परत पाठवलं. मागच्या बाजूला लिहिलंय, "माझ्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्या, मग येईन."

पोर आहे, डोक्यात राख घालून घेते. तू तिला समजाव. दाजी आता फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांना स्क्रू लावतात असं ऐकलं. एवढा मोठा कारागीर आणि खुर्च्या. निदान पोरीचं तरी वाटोळं नको. झालं ते कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दाजींनीही नाही, हे मी कधीही, कुणापुढेही सांगेन.

तुझी पाठ जपून वापर. मोठ्यांनी आपल्या मनाचा मोठेपणा दाखवावा, ही विनंती.

तुझा
धाकटा


२३ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

माझंच पत्र परत आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते दारातच उभ्याने फोडलं, पोस्टमनसुद्धा थांबून बघत होता. मला वाटलं उत्तर आहे. आत माझीच चार पानं. फक्त एका वाक्याखाली सुताराच्या चपट्या पेन्सिलीने रेघ ओढलेली: "चोवीसच्या चोवीस बोलले, माझ्या कानांनी ऐकले." आणि समासात तू लिहिलेलं, "यांनी सांगितलंय, एवढंच वाक्य पुन्हा एकदा लिहून पाठव. बाकी काही नको."

मी हसलो. म्हटलं, दाजी म्हातारे झाले, एवढंच ना, देऊ लिहून. कोरा कागद घेतला. "चोवीसच्या" इथवर लिहिलं.

आज आठवा दिवस आहे ताई. माझ्या टेबलावर असे नऊ कागद आहेत, नऊही कागदांवर तोच एक शब्द.

गंमत बघ. हे वाक्य मी चौकशीत साहेबांपुढे बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, दीडशे मुलांपुढे हातोडी नाचवत बोललो. पण दाजींसाठी लिहायला बसलो की हात चालत नाही, कारण मला त्यांचा तळहात दिसतो.

तुला आमची पद्धत माहीत आहे, पण एक गोष्ट मी भाषणात सांगितली नाही. दाजींचे कान पत्र्याच्या कारखान्यात गेले होते. टण्ण की बद्द, त्यांना काही ऐकू यायचं नाही. म्हणून तर त्यांना माझी गरज होती. पण ते नुसते विसंबून नसायचे. नट आवळून झाला की त्यावर उजवा तळहात ठेवायचे. मी पलीकडून ठोका मारला की तो बोल्टातून त्यांच्या हातात उतरायचा. मग मी ओरडायचो, "बोलला." मग खडू. आमच्या मध्ये अख्खा डबा, एकमेकांना दिसत नव्हतो. त्यांच्याजवळ त्यांचा तळहात आणि माझा शब्द, एवढंच होतं.

मुंगीने विचारलं, ठोका मारणारा काय ऐकत होता. तिला लेखी हवंय. तिच्याआधी तुला लिहितो.

तेवीस बोल्ट झाले होते. बारा नंबरचा डबा, शेवटचा बोल्ट. माझ्या पाठीमागे पाच पावलांवर तिकिटाची खिडकी. तिथे बागेचा मॅनेजर आणि दुसरा एक गृहस्थ बोलत होते. गृहस्थ पाच बागांचा मालक. दबक्या आवाजात बोलत होते, पण माझे कान तुला माहीत आहेत. दोन घरं पलीकडे कोणी बरणीचं झाकण उघडलं तरी मला कळायचं, मी खायला पळायचो आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस.

मालक म्हणाला, "पाचही बागांचं काम एकाच्याच हाती द्यायचंय मला. दोघं दोघं नकोत."

मॅनेजर म्हणाला, "मग धाकट्याला द्या. थोरल्याला हात आहे, पण बहिरा आहे हो. त्याला काय सांगायचं तर ओरडावं लागतं."

"धाकटा सोडेल का त्याला?"

"विचारून तर बघू."

मी हे ऐकत होतो. हातोडी माझ्या हातात, बोल्ट माझ्या समोर, आणि मी श्वास धरून ते ऐकत होतो. पलीकडून दाजींचा आवाज आला, "झालं का रे?"

मी ओरडलो, "बोलला, दाजी. केव्हाच."

क्षणभर थांबले ते. आज मला कळतं ते का थांबले. तळहात नटावर होता आणि त्याला काहीच लागलं नव्हतं. पण मी बोललो होतो. त्यांनी खडूची खूण केली आणि खाली उतरले. रुमालाला हात पुसत म्हणाले, "आज तळहात बधिर झालाय रे जरा." मी म्हणालो, "वय झालं आता." आणि दोघेही हसलो.

चोविसाव्या बोल्टावर मी ठोका मारलाच नाही ताई. मारला असता तर बद्द वाजला असता. शेंबड्या पोरालाही कळला असता, माझे कान लागले नसते.

चौकशीत मला आधी बोलावलं. दाजी भिंतीकडच्या बाकावर बसले होते. मी ते वाक्य म्हणालो. साहेबांनी दाजींना विचारलं, मोठ्याने, दोनदा, "तुमचं काय म्हणणं?" दाजी आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "खूण माझी आहे."

एवढंच. मी सुटलो म्हणून मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन मी दोन कप चहा प्यालो. ते अजून आत कागदावर सही करत होते.

पंधरा दिवसांनी पाच बागांचं काम मला मिळालं. पाच वर्षांत कंपनी झाली. ती पाटीही तेव्हाच करून घेतली, चांगल्या लाकडावर.

मागच्या पत्रात मी लिहिलं की नाव कुणी पाडलं कोण जाणे. मी पाडलं. टपरीवर कोणीतरी विचारलं, "तुमचे दाजी हल्ली दिसत नाहीत?" चार माणसं बसली होती, मला विनोद सुचला, मी म्हणालो, "ढिले पडलेत." हशा झाला. मला वाटलं तिथेच संपलं. मला विनोद बरे जमतात, लोक ते लक्षात ठेवतात. आठवड्याभरात ते नाव तुझ्या दारापर्यंत पोचलं, आणि ते कुठून निघालं हे तुला त्याच दिवशी कळलं असणार. तेव्हापासून तुझं पत्र नाही. मी लोकांना सांगायचो, ताईला माझी भरभराट बघवत नाही.

परवा त्या लाँड्रीत गेलो होतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बाई अजून तिथेच आहे. मी एक कोट धुवायला दिला, आणि उगाच रेंगाळलो. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या आहेत, तीन डोक्याच्या वर आणि एक कमरेइतकी खाली. मी विचारलं, "ही एवढी खाली का हो?" ती म्हणाली, "माझी आहे ती. हात वर जात नाही. मालकीणबाईंनी बांधून दिली." मी सांगितलं मी कोण. तिने कोटाचे खिसे तपासले, एक पेन काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुमच्यातला तो बहिरा माणूस येतो कधीकधी. बसतो. पहिल्या वर्षी तर दर रविवारी यायचा, टोपल्या उचलायला. मी म्हटलं, बाबा, झालं गेलं. तर म्हणतो, खूण माझी होती."

मला हे माहीत नव्हतं. तुला माहीत असेल.

कोट मंगळवारी मिळेल असं ती म्हणाली. पावती दिली.

आता कामाचं सांगतो. सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर वर लिहिलेलं सगळं सरळ लिहून मी सही केली आहे: ठोका मारला नाही, खोटं सांगितलं, कारण काय होतं. दाजींनी तो कुणालाही दाखवावा. त्याच्या प्रती मी चौकशीच्या कचेरीत, पाचही बागांच्या मालकाकडे आणि धंद्यातल्या आमच्या संघटनेत काल स्वतः नेऊन दिल्या. संघटनेचे चिटणीस वाचून म्हणाले, "एवढ्या जुन्या गोष्टीचं आता काय?" मी म्हणालो, "जुनी तुम्हाला. त्यांना रोज नवी आहे." माझा परवाना जाईल असं त्यांना वाटतं. जाऊ शकतो. कंपनीतल्या तपासणीची सही कालपासूनच मी थांबवली आहे.

दुसरा कागद मुंगीचा आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: "ठोका मारणारा स्वतःच्या फायद्याचं बोलणं ऐकत होता." मी तिला नेमणूकपत्र पुन्हा पाठवत नाही. तिने माझ्याकडे यावं असं म्हणायला तोंड नाही मला. पण आता ती कुठेही गेली तरी तिचा अर्ज बाजूला ठेवायला कारण राहणार नाही.

मुख्याध्यापकांकडेही गेलो होतो. येत्या शनिवारी त्याच हॉलमध्ये पुन्हा उभा राहणार आहे. त्यांनी विचारलं, "विषय काय लिहू फळ्यावर?" मी म्हणालो, तोच. त्या पाटीचा अर्थ मला मागच्या वेळी नीट सांगता आला नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की ती वॉशरबद्दल आहे. चकती लहान, म्हणून तिच्याकडे लक्ष द्या. चकती बिचारी कधी ना कधी तडकणारच, पोलाद आहे. "बोलला" हा शब्द त्याहून लहान होता. म्हणायला श्वासही पुरता लागत नाही.

पाटी मी उतरवली आहे. तिच्यामागे भिंतीचा रंग वेगळा निघाला, तो चौकोन सगळे बघतात आणि विचारत नाहीत.

मी माफी मागत नाही ताई. मागितली तर तुला एक तर द्यावी लागेल नाहीतर नाकारावी लागेल, दोन्ही कामं माझ्यासाठी तू का करावीस? दाजींना हे पत्र वाचून दाखव. त्यांच्या डाव्या बाजूला बसून वाच, त्या कानाला थोडं येतं. आणि "केव्हाच" हा शब्द गाळू नकोस.

वाक्य पुन्हा लिहून पाठव म्हणाले होते ना. पाठवतो: तेवीस बोलले. चोविसाव्याला मी विचारलंच नाही.

उत्तराची वाट पाहण्याचा ज्याला हक्क नाही असा,
तुझा धाकटा

ता. क. सोबत एक लाकडी खोकं पाठवलं आहे, दाजींच्या हातात दे. आत हातोडी आहे. त्यांनीच मला बाकावर बसवून, डोळे मिटायला लावून, चांगले आणि तडकलेले बोल्ट या हातोडीने वाजवून दाखवले होते, त्यांना स्वतःला ते ऐकू येत नव्हते तरी. मी ती माझ्या कमाईतून घेतलेली नाही. त्यांच्याकडूनच एका दिवसापुरती मागून आणली होती, परत द्यायची राहिली.